चंद्राला पावडर

मी आपाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका मेलेल्या माणसाला डोळे लावत होती.

वाढवून सांगत नाही. अकोल्यात जठारपेठेत आपाच्या घरचा फोटो स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मध्ये पडदा, पडद्यामागे कॉम्प्युटर. मी गुणपत्रिकांची फाईल छातीशी धरून उभी होते. अमरावतीच्या कॉलेजातून बी.एस्सी., फर्स्ट क्लास, वर कॉम्प्युटरचा डिप्लोमा. नांदगाव खंडेश्वराकडच्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी तेव्हा सगळ्यांना आधी सांगून टाकायची, आजही सांगते. आपानं फाईल उघडून पाहिली नाही. स्क्रीनवर एका तरुण माणसाचा चेहरा होता, डोळे मिटलेले, नाकात कापूस. तिनं कापूस पुसला, मग 'नजर' नावाचं फोल्डर उघडलं. त्यात डोळेच डोळे. काळे, घारे, बारीक, मोठे, कोणाचे कोणाचे. त्यातली एक जोडी उचलून तिनं त्या चेहऱ्यावर ठेवली, थोडी वाकडी केली, थोडी लहान केली. तो माणूस एकदम माझ्याकडे पाहायला लागला.

माझ्या हातातली फाईल पडली.

"उचल," आपा म्हणाली. "अन् बस तिथं. कापूस काढाले येते काय तुले?"

अशी मला नोकरी लागली.

त्या वर्षांत स्टुडिओत दोनच कामं चालायची, लग्नाचे अल्बम आणि हाराचे फोटो. तेरवीच्या आधी फ्रेम पाहिजे असायची. माणसं खेड्यांतून यायची, खिशातून प्लास्टिकची पिशवी काढायची, पिशवीतून फोटो. कोणाचा निवडणूक कार्डावरचा, कोणाचा दुसऱ्याच्या लग्नातला, गर्दीत मागे उभा असलेला. आणि ज्याचा जिवंतपणी एकही फोटो निघाला नाही त्याचा गेल्यावर काढलेला. माणूस कशानं गेला हे आम्ही विचारत नव्हतो. आधी विचारायचे म्हणे. मग इतके यायला लागले की विचारणं आपोआप बंद पडलं. सगळ्यांना माहीत असायचं.

मी फिजिक्स शिकले होते, मॅथ्स शिकले होते. फोटोतल्या मेलेल्या माणसाच्या अंगावर कोट कसा चढवायचा हे मला कोणत्या पुस्तकात सापडणार? पहिले काही दिवस मला जेवण गेलं नाही. आपा मात्र माझ्या शेजारी बसून तिखट शेवेचा चिवडा खायची आणि दुसऱ्या हातानं डोळे उघडायची.

दुकान तिच्या धाकट्या भावाचं. त्यांना सगळे भाई म्हणत. आपाला सगळे आपाच म्हणत, पासपोर्ट फोटोला आलेले तहसीलदारसुद्धा. वय पन्नाशीचं, लग्न केलेलं नाही. तीही अमरावतीलाच फिजिक्स शिकलेली. मुलींच्या शाळेत काही वर्षं शिकवलं. मग ग्रहणाच्या दिवशी सुट्टी दिली म्हणून मुख्याध्यापिकाबाईंना भर मीटिंगमध्ये अडाणी म्हणाली आणि डबा उचलून घरी आली. लग्नासाठी अम्मीनं ठेवलेल्या बांगड्या तिनं मोडल्या आणि दुर्बीण आणली. जठारपेठेत ती गोष्ट लोक, कोणी मेल्याची खबर सांगावी तशी, आवाज बारीक करून सांगायचे.

जिभेला हाड नव्हतं. एक नवरी अल्बम पाहायला आली, म्हणाली, "आपा, अजून थोडं गोरं करा न जी." आपा म्हणाली, "अजून गोरी केली तं नवरदेव म्हणन, हे कोन होय, माही बायको कुठी गेली?" नवरी रडत गेली. भाई मागून धावत गेले, तिला परत आणलं, तिला कोल्ड्रिंक पाजलं. दिवसातून एकदा तरी भाईंना असं कोणामागे धावावं लागायचं.

आणि हीच बाई चंद्राच्या एका फोटोसाठी काय काय करायची, ते पाहून मी थक्क व्हायची.

दुर्बिणीतून अख्खा चंद्र एका फोटोत येतो, पण तो बशीएवढा. दाराएवढा मोठा हवा, त्यातला खड्डा न खड्डा दिसायला हवा, तर तुकड्या-तुकड्यानं काढावा लागतो आणि मग ते तुकडे कॉम्प्युटरवर जोडावे लागतात. आपानं दुर्बिणीच्या मागे एक साधा वेबकॅम बसवला होता. त्यात एका वेळी चंद्राचा तिकिटाएवढा भाग यायचा. म्हणजे पूर्ण चंद्राला तीसेक तुकडे. कुठून सुरुवात करायची, कोणता तुकडा कुठे संपवायचा, हे गच्चीवर अंधारात सुचत नाही. ते आधी ठरवून जावं लागतं. त्यासाठी तिच्याकडे आकाशाचं एक फुकटचं सॉफ्टवेअर होतं. त्यात अकोला टाकायचं, तारीख टाकायची, की त्या संध्याकाळी चंद्र जसा दिसणार तसा स्क्रीनवर यायचा, सावल्यांसकट. त्यावर कॅमेऱ्याच्या मापाची लाल चौकट. ती चौकट आपा उंदरानं, म्हणजे माउसनं, हळूहळू सरकवत न्यायची, एक ओळ इकडून तिकडे, दुसरी तिकडून इकडे, शेतात तिफण फिरवावी तशी.

"दोन तुकड्यायनं एकमेकाचा हात धरला पाहिजे," ती मला सांगायची. "याचा पाव हिस्सा त्याच्यात पाहिजे. नाही तं जोडतानी फट राहते."

"मग रोज थोडे थोडे काढा की, आपा."

"बी.एस्सी. हायेस न तू?" ती माझ्याकडे असं पाहायची की डिग्री परत करून यावी वाटे. "कालचा उजेड न आजचा उजेड एका चेहऱ्यावर चालत नाही. सावल्या सरकतेत. एकाच बैठकीत झाला पाहिजे."

त्यात तिला साधा चंद्र नकोच होता. चंद्र आपल्याला नेहमी एकच बाजू दाखवतो हे मी शिकले होते. पण तो मान थोडी डोलावतो, कधी वर करतो, कधी खाली, आणि तेव्हा काठाची एरवी लपलेली एक पट्टी दिसते, हे तिनं मला सॉफ्टवेअरवर तारखा पळवून दाखवलं. तिला दक्षिणेचा काठ पाहिजे होता. अर्धा चंद्र, दक्षिणेची मान आपल्याकडे कललेली, संध्याकाळी डोक्यावर, आणि आभाळ स्वच्छ. हे सगळं एकत्र यायची ती कितीतरी वर्षं वाट पाहत होती. चैत्रातली एक संध्याकाळ सॉफ्टवेअरनं काढून दिली.

आता अकोल्यातला चैत्र म्हणजे काय ते अकोल्याच्या माणसाला सांगायला नको. दिवसभर तापलेली गच्ची संध्याकाळी वाफ सोडते आणि दुर्बिणीतला चंद्र उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या रुपयासारखा हलतो. त्यावर आपाचा उपाय असा की दुपारपासून गच्चीवर ओली पोती टाकायची. आमच्याकडे नळ तेव्हा आठवड्यातून एखादा दिवस यायचा. शेजारच्या काकूंनी गच्चीवरून पाणी टपकताना पाहिलं आणि रस्त्यातूनच सुरू झाल्या.

"इथं लेकराईले प्याले पाणी नाही, अन् तुमी चंद्रासाठी सडे टाकून राहिल्या? लाज वाटते काय काही?"

आपा कठड्यावरून वाकली. "आमच्या आंघोळीचं हाय. वर या, वास घेऊन पाहा."

काकू वर आल्या नाहीत. पण भाई गेले, खाली, त्यांच्यामागे.

आणखी एक गोष्ट सॉफ्टवेअरला माहीत नव्हती. लोडशेडिंग. चंद्र आहे की नाही याच्या आधी लाईट आहे की नाही ते पाहावं लागायचं. आपानं वीज मंडळाचं वेळापत्रक मॉनिटरशेजारी चिकटवलं होतं आणि त्याला धरून तुकड्यांचा क्रम लावला होता. सावलीच्या रेघेजवळचे आधी, कारण तिथं उजेड भराभर बदलतो, काठाचे शेवटी. त्या संध्याकाळी मी गच्चीवर कॉम्प्युटरसमोर बसले होते, खालून वायर ओढून आणलेली. आपा दुर्बिणीला डोळा लावून. ती म्हणायची, "घे," मी घ्यायची. "पुढं." "घे." दिवेलागणीला सुरू केलं, आणि सगळं इतकं नीट चाललं होतं की मला भीती वाटायला लागली. दक्षिणेचा काठ आला. खडबडीत, दात पडलेल्या करवतीसारखा. तिनं इतकी वर्षं वाट पाहिलेली पट्टी माझ्या स्क्रीनवर थरथरत होती.

आणि लाईट गेली. वेळेच्या आधी. खाली सगळ्या पेठेत एकच "हो ऽऽ" झालं.

एक तुकडा राहिला. अगदी काठावरचा. लाईट परत येईपर्यंत चंद्र घरांच्या मागे उतरला होता.

मला वाटलं, ही आता आकांत करेल. तिनं पोती गोळा केली, पिळली, दोरीवर टाकली. दुसऱ्या दिवशी बाकीचे तुकडे जोडले. चंद्र असा झाला होता की मी खुर्चीवरून उठून मागे सरकले. आणि खाली काठावर एक काळा चौकोन. ठार काळा.

"आपा, दुसऱ्या कोणत्या चंद्राचा तुकडा लावून देऊ? मी जुळवते, कळणार नाही कोणाला."

"नाही पाहिलं ते नाही पाहिलं," ती म्हणाली. "काळंच राहू दे."

मला हे समजेना. बाजूच्या फोल्डरमधून कोणाच्याही डोळ्यांची जोडी कोणालाही लावणारी बाई, आणि चंद्राच्या एका कोपऱ्यासाठी इतकी सत्यवादी? मी तसं विचारलंच. मला बोलायची भीती नाही.

"दुकान दुकान है," आपा म्हणाली. "चाँद चाँद है." आणि चिवड्याची पुडी माझ्याकडे सरकवली. तिच्यासाठी तेवढं पुरेसं होतं. या दोन गोष्टींमध्ये तिनं एक भिंत घातली होती, आणि त्या भिंतीला टेकून ती दिवसभर त्या खुर्चीत बसू शकत होती, असं मला आता वाटतं.

एवढा मोठा प्रिंट अकोल्यात निघत नव्हता. अमरावतीच्या एका लॅबमध्ये निघायचा. भाईंनी सीडी करून माझ्या हातात दिली. "काचेत लावू, दर्शनी. आपाला सांगू नको, मी थोडी मेहनत केली आहे त्याच्यावर," म्हणाले आणि लाजले. मी एस.टी.नं अमरावतीला गेले. लॅबवाल्यानं यंत्रातून निघणारा कागद दोन्ही हातांनी झेलला, टेबलावर पसरला आणि म्हणाला, "काय गुळगुळीत आला पाहा, मॅडम. नवरीवानी."

मी टेबलावर वाकले.

काळा चौकोन नव्हता. त्याच्या जागी शेजारचाच तुकडा उचलून चिकटवला होता. एकच खड्डा दोनदा, जुळ्यासारखा. आणि बाकीचा चंद्र? बारीक बारीक सगळे खड्डे गायब. लांब चिरा बुजवलेल्या. मोठे खड्डे तेवढे राहिले होते, तेही मऊ, गालावरच्या खळीसारखे. भाईंनी जन्मभर पासपोर्ट फोटोंवरचे मुरूम, देवीचे व्रण, धुळीचे ठिपके काढले होते. त्यांचा हात तसाच चालला होता. त्यांना ते डाग वाटले.

मी एस.टी. स्टँडवरून दुकानात फोन केला. "भाई, आधीची फाईल?"

"तिच्यावरच केलं न बेटा. अन् ते तुकड्याचे फोल्डर काढून टाकले, लग्नाचे फोटो मावत नव्हते."

सगळ्या रस्त्यात मी ती गुंडाळी मांडीवर धरून बसले. शेजारचा म्हातारा म्हणाला, "नकाशा हाय काय?" मी हो म्हटलं.

आपानं काउंटरवर कागद उलगडला. तिनं चौकोनाच्या जागी बोट ठेवलं. मग बोट वर नेलं, डावीकडे नेलं. भाई हसऱ्या तोंडानं उभे होते, आणि ते हसू हळूहळू उतरत होतं.

"तूने चाँद को पावडर लगाया रे?"

"आपा, वो दाग..."

"दाग?" तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता; तो चढलाच नाही. "तुझे किसने कहा था?"

भाई कधी उलट बोलायचे नाहीत. दिवसभर लोकांच्या मागे धावणारा माणूस. पण त्यांना लागलं होतं. ते म्हणाले, "आपा, तुम रोज मय्यत की आँखें खोलती हो. मैंने एक गड्ढा भर दिया तो कौनसा गुनाह किया?"

आपानं कागदावरचं बोट उचललं. पंख्याच्या वाऱ्यानं कागदाचा कोपरा उडत होता, आणि कोणी त्यावर हात ठेवला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं डोळे उघडणं बंद केलं. सांगितलं नाही, भांडली नाही, आलेल्या माणसाला एवढंच म्हणायची, "बंद हायेत. बंदच राहतीन. पाहिजे तं कापूस काढून देतो." माणसं आधी समजत नव्हती, मग चिडायची, मग पुढच्या स्टुडिओत जायची. एक जण म्हणाला, "असा मुडदा टांगू काय घरात?" भाई धावले नाहीत. काय सांगणार होते? ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू उघड न बेटा, तुला येते." मी नाही म्हटलं. आपाच्या खुर्चीत बसून ते करायची माझी हिंमत नव्हती. आकाशाचं सॉफ्टवेअर तिनं त्या दिवसांत उघडलंच नाही. मला खरं सांगायचं तर भीती वाटत होती की ही बाई आता एक दिवस शाळा सोडली तशी हीही खुर्ची सोडेल, आणि मग तिचं काय होईल?

मग एका सकाळी एक म्हातारी आली. एकटी. नऊवारी, पायात स्लिपर, हातात पिशवी. मुलाचा फोटो होता. गेल्यावर अंगणात, भिंतीला टेकवून बसवून काढलेला, कोवळ्या उन्हात. तिशीचा असेल. आपा ठरलेलं बोलली.

म्हातारी गेली नाही. "थे नाही जमत, बाई. तेरवीले सगळे येतीन. त्याची पोरगी लहान हाय. तिनं बाप पाहाले पाहिजे न? अशा डोये मिटलेल्या बापाले थे काय पाहीन?"

"दुसऱ्याचे डोळे लावावे लागतेत, माय," आपा म्हणाली. "त्याचे नसतेत ते."

मी दचकले. हे आम्ही गिऱ्हाईकाला कधी सांगितलं नव्हतं. कोणीच सांगत नाही.

"मंग कोनाचे?"

"कोणाचेही."

म्हातारी विचारात पडली. आपा तिच्याकडे पाहत होती. तिच्या तोंडाकडे, मग फोटोकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "तुमच्यावर गेला होता काय तो?"

"डोये माह्येच होते त्याचे. सारे म्हनत."

आपा कॉम्प्युटरकडे वळली आणि तिनं आकाशाचं सॉफ्टवेअर उघडलं. चंद्र नाही, सूर्य. फोटोतल्या नाकाची सावली तिनं बोटानं मोजली, फोटो कधी काढला ते म्हातारीला विचारलं, त्या सकाळचा सूर्य स्क्रीनवर आणला. मग आजचा दिवस लावून सूर्य दुपारनंतर पळवत नेला, तो तितकाच खाली येईपर्यंत. "थांबाल काय चार वाजेपर्यंत? तेव्हा ऊन तितकंच खाली येईन. बाजू उलटी असते, तुमाले फिरवून बसवतो."

म्हातारी थांबली. भाईंनी तिला डबा दिला. ऊन उतरल्यावर गच्चीवर तिला स्टुलावर बसवलं. आपा तिची हनुवटी धरून थोडी उजवीकडे, थोडी खाली करत होती, चंद्रासाठी दुर्बीण सरकवायची तशीच, केसभर केसभर. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पाण्यानं उजेड फिरते, माय," आपा म्हणाली. "राहू द्या, येऊ द्या. आपन थांबू." ती कॅमेरा खाली ठेवून तिच्याशेजारी पोत्यावर बसली. डोळे कोरडे झाल्यावर फोटो काढला.

खाली येऊन तिनं म्हातारीसमोरच ते डोळे फोटोवर ठेवले. पापण्यांच्या सुरकुत्या काढल्या, नजर तशीच ठेवली. सावली सावलीला मिळाली, उजेड उजेडाला. मी इतके फोटो पाहिले होते, पण असा जिवंत झालेला चेहरा पाहिला नव्हता. भाई पडदा धरून उभे होते. त्यांनी हळूच म्हटलं, "या अल्ला."

म्हातारी स्क्रीनजवळ गेली. एवढी जवळ की तिचा श्वास काचेवर उमटत होता. मुलगा तिच्याकडे पाहत होता, तिच्याच डोळ्यांनी. मला वाटलं, आता ही रडेल, आता आपाचे हात धरेल.

"नाही," ती म्हणाली.

"जुळले नाही काय?" आपानं विचारलं.

"जुळले." म्हातारी स्क्रीनवरून नजर काढत नव्हती. "जुळले, बाई. पन मिटा ते. लय थकला होता तो. आता झोपू द्या त्याले."

आपानं माउसवर हात ठेवला, पण तो लगेच चालला नाही. मग तिनं आधी त्याचा उजवा डोळा मिटला, आणि थोडं थांबून डावा.